ठाण्याच्या अंगणात काढलेला बार

“बंदूक झाडलेली होती, हो की नाही? एवढंच मला हवंय, मॅडम. पुढचं मागचं काही नको.”

सरकारी वकील माझ्याच रिपोर्टवर बोट आपटत होते. सेशन कोर्टातली त्यांची खोली म्हणजे दोन कपाटं आणि त्यांच्यामध्ये कशीबशी कोंबलेली खुर्ची. मी उभीच होते. साक्षीला आलेल्या सरकारी माणसाला बसा म्हणायची तिथे पद्धत नव्हती. त्यात साक्षीदार बाई असली की तिला बसायला सांगितलं तर ती बोलत सुटेल, अशी भीती असावी.

“झाडलेली होती,” मी म्हटलं. “पण कधी, ते मला सांगता येणार नाही.”

“ते तुम्हाला विचारतंय कोण?”

मी बॅलिस्टिक्सची. बंदुका, काडतुसं, छर्रे तपासायचे आणि काय दिसलं ते लिहून द्यायचं, हे माझं काम. औरंगाबादला छावणीच्या अलीकडे एका जुन्या इमारतीत आमची सरकारी लॅब होती. मी टेस्ट फायरिंग सुरू केलं की शेजारचा किराणावाला कानात बोटं घालून दुकानाबाहेर येऊन उभा राहायचा. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनला तेव्हा तीसेक वर्षं होऊन गेली होती, पण आमच्याकडे येणाऱ्या बंदुकांना ते कुणी कळवलं नसावं. निम्म्या तर निजामाच्या काळातल्याच असायच्या.

ही त्यातलीच एक. ठासणीची. ती कशी चालते ते आधी सांगते, कारण पुढे सगळं तिथेच अडणार आहे. हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या कोंबायचा, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि लोखंडी गजानं सगळं ठासून बसवायचं. मागच्या बाजूला एक छोटं पोकळ टोक असतं, त्यावर तांब्याची टोपी चढवायची. चाप ओढला की टोपी फुटते, ठिणगी आत जाते, बार उडतो. एका बारासाठी एवढी उस्तवार. म्हणून माणसं ही बंदूक भरूनच खुंटीला लावतात आणि टोपी तेवढी काढून वेगळी ठेवतात. एकदा ठासलेला बार उलटा करून झटकला तर बाहेर पडत नाही. बंदूक रिकामी करायची सोपी वाट एकच, ती म्हणजे उडवून टाकणं.

केस अशी होती. पैठण तालुक्यातलं एक गाव, पाचोडच्या बाजाराला जाणारं. तिथले बापूराव नावाचे मोठे शेतकरी दिवस मावळताना आपल्या विहिरीजवळ मरून पडले. पाठीत छर्रे. आवाज गावानं ऐकला होता, पण ज्वारी हुरड्यावर आली होती आणि रानडुकरं हाकलायला त्या दिवसांत संध्याकाळी कुठे ना कुठे बार व्हायचेच. कुणी मान वर करून पाहिलं नाही. बापूरावांचा धाकटा भाऊ ठाण्यात धावला आणि त्यानं फिर्याद दिली. फिर्यादीत एकच नाव होतं, मल्हारी.

मल्हारी धनगर. मेंढ्यांचा कळप घेऊन हिंडणारा, दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला. खुनाच्या थोडं आधी त्याच्या मेंढ्या बापूरावांच्या ज्वारीत घुसल्या होत्या आणि बापूरावांनी त्या हाकून कोंडवाड्यात घातल्या होत्या. तेव्हा पाचोडच्या भर बाजारात मल्हारी त्यांना म्हणाला होता, “तुमचं वाटुळं व्हईल.” हे ऐकणारे दहा जण मिळाले. शिवाय त्याच्या घरात बंदूक होती. त्याच्या बापानं लांडग्यांसाठी परवाना काढला होता, निजामाच्या अमलात. पोलिस ॲक्शननंतर घरोघरच्या बंदुका जमा झाल्या तेव्हा हीसुद्धा गेली होती. पण सरकार बदललं म्हणून लांडगे काही मेंढ्या खायचे थांबले नव्हते, म्हणून ती परत मिळाली. खुनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलिसांनी ती जप्त केली आणि मल्हारीला आत टाकलं.

माझ्याकडे ती आली तेव्हा प्रश्न एकच होता. बापूरावांच्या अंगातले छर्रे या बंदुकीतले आहेत का? रायफल असती तर मी सांगितलं असतं. रायफलच्या नळीला आतून चर असतात, त्यांच्या खुणा गोळीवर उमटतात. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत. छर्र्यावर काही उमटत नाही. ते मल्हारीच्या बंदुकीतले की आणखी कुणाच्या, हे मला काय, कुणालाच सांगता आलं नसतं. तसं मी स्पष्ट लिहिलं. खाली आमचं ठरलेलं वाक्य टाकलं, की ही बंदूक प्रयोगशाळेत येण्यापूर्वी झाडलेली होती.

हे वाक्य आम्ही ऊठसूट लिहायचो. त्याचा अर्थ इतकाच, की शेवटची साफ केल्यानंतर ही एकदा तरी उडवली आहे. काल की परवा की गेल्या दिवाळीत, ते त्यात नसतं. आरोपपत्रात पोहोचेपर्यंत त्याचं ‘नुकतीच झाडलेली’ झालं. सरकारी वकिलांच्या तोंडी ते ‘खून करण्यासाठी झाडलेली’ झालं. मल्हारीविरुद्ध बाजारातलं ते बोलणं आणि माझं हे वाक्य, एवढंच त्यांच्याकडे होतं. तेवढ्यावर माणसाला जन्मठेप होते, फाशीही होते. मल्हारी पकडल्यापासून हर्सूलच्या जेलमध्ये होता आणि जामीन कुणी दिला नव्हता.

वकिलांच्या खोलीतून बाहेर येऊन मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पुकारा व्हायला वेळ होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, हिरवं लुगडं, पायात वहाणा नाहीत. पोलिसांनी मल्हारीला समोरून आत नेलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि तो दिसेनासा होईपर्यंत तशीच राहिली. ती त्याची बायको, साखराबाई, हे मला कळलं. मी तोंड फिरवलं. साक्षीदारानं आरोपीच्या घरच्यांशी बोलायचं नसतं.

“बाई, तुमीच का बंदुकीच्या?”

मी हातातल्या रिपोर्टाची पानं उलटू लागले.

“नका बोलू. मी बोलते, तुमी नुस्तं आयका. आमच्या वकिलाला सांगाया गेले तर म्हनतो, बाईमाणसाला बंदुकीतलं काय कळतंय, घरी जा. म्हून तुमाला सांगते. बंदूक भरलेली व्हती वो. पोळ्याच्या आधी भरली, ती पावसाळाभर तशीच खुंटीला. आमचे हे म्हनले पोलिसांला, साहेब, भरलेली हाय, जपून न्या. ते म्हनले, चूप ऱ्हा. अन् ठाण्यात नेऊन आंगनात उडवली. मी भाकर घिऊन दारात बसले व्हते. माझ्या डोळ्यांदेखत उडवली.”

“ठाण्यात? कुणी उडवली?” न बोलायचं ठरवलेलं मी विसरले.

“पोलिसांनीच की. दुसरं कोन उडविल ठाण्यात?”

माझं डोकंच सणकलं. जी झाडलेली बंदूक मी तपासली होती, ती झाडणारे पोलिसच होते. माझं वाक्य अक्षरशः खरं होतं आणि त्याच खऱ्या वाक्यावर ह्या बाईचा नवरा फासावर जायच्या वाटेवर होता. आणि ही गोष्ट मल्हारीला माहीत, त्याच्या बायकोला माहीत, अख्ख्या ठाण्याला माहीत. फक्त कोर्टाला माहीत नाही आणि लॅबला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मला आठवली आणि रागात भर पडली. नळी तपासताना तळापासून वीतभर वर मला आतल्या बाजूला गंजाचं एक कडं दिसलं होतं. काळी दारू ओल धरते. भरलेली बंदूक पावसाळ्यात टांगून ठेवली की ठासलेला काथ्या दमट होतो आणि तो जिथे लोखंडाला टेकतो तिथे गोल गंज चढतो. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ही बंदूक बरेच दिवस भरून ठेवलेली दिसते. पण माझ्याकडे आली ती रिकामी. भरलेली जप्त झाली, असं कुणी एका शब्दानं कळवलं नव्हतं.

तपास करणारे फौजदार कोर्टाच्या कँटीनमध्ये होते. चांगले जाडजूड, हसतमुख गृहस्थ. चहा बशीत ओतून पीत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं.

“फौजदारसाहेब, मल्हारीची बंदूक जप्त केलीत तेव्हा ती भरलेली होती?”

“होती की.”

“मग रिकामी कशी झाली?”

“अहो मॅडम, भरलेली बंदूक काय ठाण्यात ठेवायची? कुणाचा धक्का लागला, टोपीवर काही पडलं, म्हणजे? आमचा रिवाजच आहे. ठासणीची आली की आधी अंगणात न्यायची, बार काढायचा, मग आत ठेवायची. तुमच्याकडे रिकामी करून पाठवली, आभार मानायचे सोडून चौकशी काय करताय!”

“पंचनाम्यात लिहिलंत?”

“त्यात काय लिहायचं? शिंकलो तर तेही लिहू का?”

मी त्यांना समजावून सांगितलं. झाडलेली बंदूक हा तुमचा पुरावा. आणि ती तुम्हीच झाडलीत. ते हसत हसत ऐकत होते. मग हसणं थांबलं, बशी खाली ठेवली गेली. मला वाटलं, आता हा माणूस उठून वकिलांकडे जाईल. तो उठला नाही. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, झालं ते झालं. आता हे कोर्टात काढू नका. मी पोराबाळांचा माणूस आहे.”

“मल्हारीला काय पोरंबाळं नाहीत?”

“त्यानंच मारलंय हो. मारून आल्यावर परत भरून ठेवली असंल. गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगंल.”

मी चहा न घेता निघाले. खरं तर तहान लागली होती, पण त्या माणसाच्या टेबलावर पाणीसुद्धा नको वाटलं. नोकरीत नाइलाजानं पुष्कळ अडाणीपणा सहन केला. चूक कळल्यावरही ती झाकायची आणि वर दुसऱ्याच्या मानेवर ठेवायची, हे मात्र मला आजही सहन होत नाही.

पुकारा झाला. मी शपथ घेतली. माझ्यासमोर टेबलावर मुद्देमाल, म्हणजे केसमधल्या जप्त वस्तू मांडल्या होत्या. ती बंदूक होती, नळीला चिठ्ठी बांधलेली.

सरकारी वकील म्हणाले, “ही बंदूक तुमच्याकडे आली तेव्हा झाडलेली होती?”

“हो.”

“झालं, साहेब.”

आता उलटतपासणी. म्हणजे आरोपीच्या वकिलानं मला प्रश्न विचारून माझ्या साक्षीतल्या फटी शोधायच्या. मल्हारीला वकील करायची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टानं त्याला एक तरुण वकील दिला होता. ते उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, “नो क्रॉस.” एकही प्रश्न नाही. आणि बसले. मला त्यांचा कोट ओढून त्यांना परत उभं करावंसं वाटलं. समोर पिंजऱ्यात त्यांचा अशील हात जोडून उभा होता. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, आणि ज्याला कळायला हवं होतं तो बसून डायरी चाळत होता.

मला आता खाली उतरायला सांगणार होते. मी न्यायाधीशांकडे वळले.

“साहेब, मला या बंदुकीबद्दल आणखी सांगायचं आहे. नाही सांगितलं तर मी दिलेली साक्ष अर्धवट राहील.”

सरकारी वकील ताडकन उठले. “साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलावं, साहेब.”

न्यायाधीश वयस्कर होते, चष्म्यावरून बघायचे. ते म्हणाले, “शपथ पूर्ण सत्य सांगायची घेतलीय त्यांनी. बोलू द्या. काय आहे?”

मी टॉर्च मागितला. शिपायानं आणून दिला. मी टोपीच्या जागेकडून उजेड धरला आणि न्यायाधीशांना नळीच्या तोंडातून पाहायला सांगितलं. तेवढ्यानं दिसेना, म्हणून टॉर्च तोंडाकडून धरला. ते बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले.

“गोल काहीतरी दिसतंय. तांबूस.”

“तो गंज आहे, साहेब. या नळीत एक बार पावसाळाभर ठासलेला होता. दारू दमट झालेली होती. तो बार नंतर कधीतरी उडवला. कुणी आणि कुठे, ते फौजदारसाहेबांना विचारावं. जप्त केली तेव्हा बंदूक भरलेली होती आणि ठाण्यात तिचा बार काढला, असं त्यांनी आजच मला सांगितलं आहे.”

कोर्टात एकदम कुजबुज सुरू झाली. फौजदार मागे भिंतीला टेकून उभे होते. न्यायाधीशांनी त्यांना पुढे बोलावलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती, त्यांनी मान हलवली.

सरकारी वकील मात्र हटेनात. “साहेब, आरोपीनं खून करून बंदूक पुन्हा भरली असेल. त्यात काय अवघड आहे?”

“साहेब,” मी म्हटलं, “आदल्या संध्याकाळी भरलेली बंदूक सकाळी पहिल्या टोपीला उडते. दमट दारूची उडत नाही, अडते. बार काढला तेव्हा काय झालं, ते काढणाऱ्याला विचारलं तर कळेल. मी तिथे नव्हते. मला माहीत नाही.”

बार काढणारा हवालदार कोर्टातच होता. मुद्देमाल घेऊन तोच आला होता. औरंगाबादचाच, सरळ दखनीत बोलणारा माणूस. त्याला शपथ दिली. न्यायाधीशांनी विचारलं, “बंदूक तुम्ही उडवलीत?”

“हौ साब.”

“एका फटक्यात उडाली?”

“कायकू उडती साब! दो बार टोपी फूटी, बार निकल्याच नै. हम बोले, हटाव, बिगडेली दिखती. तीसरी टोपी लगाया तो फुस करके निकल्या. धुआँच धुआँ. फौजदारसाब भी हँसे, साब.”

फौजदारसाहेब आता हसत नव्हते. मी पिंजऱ्याकडे पाहिलं. मल्हारी पहिल्यांदाच काहीतरी समजल्यासारखा न्यायाधीशांकडे बघत होता, आणि एकदम मोठ्यानं बोलला, “म्या तवाच सांगितलं व्हतं साहेब, भरलेली हाय म्हून!” पोलिसानं त्याला दंडाला धरून गप्प केलं.

निकाल लागला. मल्हारी सुटला. मी त्या दिवशी मुद्दाम कोर्टात गेले होते. शेवटचं वाक्य ऐकलं आणि सुटकेचा आनंद निम्मा झाला. ‘आरोपीस संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे.’ कायद्याची भाषा अशी असते, मला माहीत आहे. गुन्हा पुरेपूर शाबीत झाला नाही, की असं म्हणतात. कायद्यानं माणूस निर्दोषच धरायचा असतो. पण हे वाक्य गावात गेलं की त्यातला ‘संशय’ तेवढा सगळ्यांना ऐकू येतो. ज्यानं पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं त्या माणसाला कोर्ट फायदा देतंय, तोही संशयाचा! आणि ज्यांनी पुरावा अंगणात धुरासकट उडवला त्यांच्याबद्दल निकालात एक सौम्य ओळ होती. तपासात काळजी घ्यायला हवी होती, अशी.

मी लॅबमध्ये येऊन साहेबांसमोर बसले. आमचे साहेब विद्वान आणि शांत.

“सुटला ना तो? झालं मग,” ते म्हणाले.

“सर, खून झालाय. मग तो केला कुणी? त्या गावात ठासणीच्या बंदुका आणखी आहेत. एकही तपासायला आलेली नाही. आपण पोलिसांना पत्र तरी द्यावं.”

“आपण आलेल्या वस्तू तपासतो. न आलेल्या वस्तूंबद्दल आपल्याला मत नसतं.”

तरी मी जिल्ह्याच्या पोलिस ऑफिसात जाऊन आले. तिथल्या अधिकाऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, आम्ही आरोपी पकडला होता. कोर्टानं सोडला. आमच्याकडून तपास पूर्ण आहे.” बाहेर पडून क्रांती चौकापर्यंत मी चालत आले ते मनातल्या मनात भांडतच. बापूराव मेले होते, त्यांच्या पाठीत छर्रे होते, आणि सरकारदरबारी त्यांना मारणारा कुणी नव्हता, आणि शोधायचाही नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका केसची जागा पाहायला मी त्या बाजूला गेले होते. पाचोडचा बाजार होता, म्हणून ड्रायव्हरनं चहासाठी जीप थांबवली. साखराबाईनं मला आधी ओळखलं. ती कोकरू विकायला आली होती.

“कसं चाललंय?” मी विचारलं.

“सुटून काय उपेग झाला, बाई? मेंढ्या कुनीच बसू देत नाय.”

हे शहरातल्या माणसाला सांगायला हवं. पेरणीच्या आधी शेतकरी धनगराला बोलावून घेतो. कळप काही रात्री रानात बसवतात. लेंड्या आणि मूत मातीत मुरतं, खत होतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. धनगराचं वर्षाचं खाणं त्यावर असतं. आणि नुसतं खाणं नाही, कुणाच्या रानात बोलावणं आहे आणि कुणाच्या नाही, त्यावर त्याची गावातली पत ठरते. मल्हारीला एकाही रानातून बोलावणं नव्हतं.

“कोर्टाचा कागद दावला. म्हनत्यात, संशयावर सुटलाय. दिवसा पानी सुदिक लांबून पाजावं लागतं मेंढ्यांला. आता हे मेंढ्या इकून टाकतो म्हनतात, अन् साखर कारखान्यावर मजुरीला जातो म्हनतात.”

मला राहवलं नाही. हे माझं काम नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, त्या गावावरून चल.

बापूरावांचा वाडा वगैरे नव्हता, सिमेंटचं नवं घर होतं. ओट्यावर त्यांचे धाकटे भाऊ बसले होते, फिर्याद देणारे. त्यांनी मला साक्षीत पाहिलं होतं. “तुमच्यामुळंच सुटला तो,” असं स्वागत झालं. मी म्हटलं, बापूरावांच्या पत्नीला भेटायचंय. कौसाबाई आतून आल्या, दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. चाळिशीच्या, कडक चेहऱ्याच्या. मी त्यांना सगळं सांगितलं. पावसात भिजलेली काडीपेटी कशी पेटत नाही, दोन-तीन काड्या मोडाव्या लागतात, तसं ठाण्यात झालं. ती बंदूक पावसाळ्यापासून उडालेली नव्हती. तुमच्या मालकांवर चाललेली बंदूक ती नव्हे.

“वहिनी, आत जा,” दीर म्हणाले.

कौसाबाई हलल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, “मंग माझ्या मालकाला मारलं कुनी?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“हे कोर्टात कुनी इचारलं का?”

“नाही.”

“तपासाला बंदुका किती नेल्या व्हत्या?”

“एकच. मल्हारीची.”

त्या दिराकडे वळल्या. मग मान वर करून शांतपणे म्हणाल्या, “आपली नव्हती का नेली, भावजी? माडीच्या खोलीत खुंटीला हाय ती?”

 दीर उठले, चपला घातल्या आणि रस्त्याकडे निघून गेले. मी कौसाबाईंकडे बघितलं तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “चहा घ्या,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्या पेरणीआधी कौसाबाईंनी मल्हारीला निरोप धाडला आणि त्याच्या मेंढ्या आपल्या वाट्याच्या रानात, त्याच विहिरीजवळ बसवल्या. हे मला नंतर साखराबाईकडून कळलं. मयताच्या बायकोनंच रान उघडल्यावर गावाला नाही म्हणायला तोंड उरलं नाही. पुढच्या वर्षी त्याला इतरांचीही बोलावणी आली. दिरानं मात्र त्याच वर्षी वाटणी मागितली आणि वहिनीशी बोलणं टाकलं.

जीप परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोलिस ऑफिसात फोन लावला होता. त्याच अधिकाऱ्याला सांगितलं, की मयताच्या घरातच ठासणीची बंदूक आहे, ती एकदा तरी मागवा. भावानं मारलं असं मी म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही. तिच्यातून काही सिद्ध झालं असतं का, तेही सांगत नाही. मला माहीत नाही. पण कुणालाच माहीत नाही, कारण ती बंदूक माझ्या टेबलावर कधी आलीच नाही.

“मॅडम,” ते अधिकारी हसून म्हणाले, “ते फिर्यादी आहेत. फिर्यादीच्या घराची झडती कोण घेतं?”

तेव्हापासून कुणी विचारलं, की इतकी वर्षं बंदुका तपासून काय शिकलात, तर मी सांगते. खून झाला की ठाण्यात सगळ्यात आधी पोहोचावं. आधी पोहोचणाऱ्याच्या खुंटीकडे आपल्याकडे कुणी बघत नाही.